दर महिन्याचा अंगठा

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. मुलाजवळ नाही, बहिणीजवळ नाही, देवाजवळसुद्धा नाही — देवापुढे बसलं की मी भलतंच काही मागत बसते. काय मागते ते पुढे कळेलच. तुमची-माझी ओळख नाही. उद्या रस्त्यात समोरासमोर आलो तरी मला मान खाली घालावी लागणार नाही. म्हणून तुम्हांला सांगतेय. यापलीकडे कारण नाही, उगाच मला धाडसी वगैरे समजू नका.

जुन्नरला बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत माझा बँकेचा पॉइंट आहे. पॉइंट म्हणजे एक टेबल, एक लॅपटॉप, अंगठा घ्यायचं छोटंसं यंत्र, कुरकुरणारा पंखा आणि मी. बँकेत शिरायला ज्यांचे पाय अडखळतात, ते माझ्याकडे येतात. पैसे भरतात, काढतात, माणूस गेला तर घरच्यांना पैसे मिळतात त्या सरकारी विम्यात नाव घालतात. नवरा गेल्यावर मी हे काम धरलं. मुलगा चाकणला कंपनीत आहे. सणाला येतो, जेवतो, मोबाइल बघतो, जातो. पोरगा चांगला आहे हो, माझी तक्रार नाही. पण दिवसभर माणसांच्या गर्दीत बसून संध्याकाळी शटर ओढताना कधी तुम्हांला असं वाटलंय का, की आज आपल्याशी कुणी बोललंच नाही?

डोंगरातल्या घाटघरच्या बाजूची मंडळी आली की माझं काम वाढतं. भाताच्या चिखलात आणि दगडाधोंड्यांत त्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. यंत्र त्यांना ओळखतच नाही. मग बोट ओल्या फडक्यानं पुसायचं, किंचित तेल चोळायचं, अंगठा नाही तर त्याच्या शेजारचं बोट, तेही नाही तर दुसरा हात — आणि आपल्या हातानं यंत्रावर दाबून धरायचं. अशी किती बोटं मी धरली असतील, गणती नाही. एकाही बोटानं मला कधी काही झालं नव्हतं.

सोमा पहिल्यांदा आला तेव्हाही असंच चाललं होतं. उंच, सावळा, बोलताना समोरच्याकडे न बघता रस्त्याकडे बघणारा माणूस. घाटघरच्या वरच्या अंगाला त्याची वाडी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, लेकी नांदायला गेलेल्या. वयानं माझ्याहून एखाद-दोन वर्षांनी मोठा असेल. त्याचं एक बोट लागेना, दुसरं लागेना. तो आपला स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "बेल्ह्याच्या बाजारात एक बैल बगितलाय, पर मन घेईना."

माझ्या तोंडून निघून गेलं, "दात किती?"

त्यानं रस्त्यावरची नजर काढून पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

माझे वडील बेल्ह्याच्या बाजारातले बैलांचे व्यापारी. मी परकर-पोलक्यात असताना बैलाचा जबडा उघडून त्याचं वय सांगायची. खूर बघायची, वशिंड बघायची, चालवून बघायला लावायची. लग्न होऊन जुन्नरला आले आणि ते सगळं तिथंच राहिलं. नवऱ्याचं किराणा दुकान होतं. बिचाऱ्याला बैल आणि म्हैस यांतला फरक कळायचा, एवढंच. आणि आता इतक्या वर्षांनी एक माणूस माझ्यासमोर बसून विचारत होता, की उजव्या अंगाला चालणारा बैल डाव्या अंगाला जुंपला तर वळेल का. मी बोलत सुटले. मी बोलत होते, त्याची बोटं एकामागून एक धरत होते, आणि यंत्र आपलं नाही-नाही म्हणत होतं. शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. टुक आवाज आला. तो उठला, टॉवेल खांद्यावर टाकला, "येतो ताई" म्हणाला आणि गेला.

सगळं जुन्नर मला ताई म्हणतं. त्यानं म्हटलेलं मला लागलं.

तुम्ही हसत असाल. हसा. मला त्या माणसाची ओढ लागली — या वयात, चष्मा लावून, गुडघ्याला तेल चोळत. लिहिताना हात थांबतो, पण याला दुसरा शब्द माझ्याकडे नाही. गल्लीच्या तोंडाशी जीप थांबली की मी मान वर करून बघायची. त्याला माझ्याकडे यायचं कारण काय होतं पण? वर्षातून एकदा विम्याचा हप्ता, तोही खात्यातून आपोआप कापला जातो. वर्षभर मी काय गल्लीकडे बघत बसायचं?

त्या वर्षी सरकारनं विम्याचा हप्ता वाढवला. हे नियमांचं एक तुम्हांला सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे बँकेकडून सारखे निरोप येत असतात. आज आधार जोडा, उद्या केवायसी परत करा, परवा हप्ता वाढला, खात्यात जास्त शिल्लक ठेवा. मी ते लोकांना सांगते, लोक ऐकतात. का म्हणून कुणी विचारत नाही. वरून आलंय म्हटलं की विषय संपला. वाढलेल्या हप्त्याचं मी सगळ्यांना सांगितलं, आणि मेच्या उन्हात माझ्या दारापुढे रांग लागली. वरच्या वाड्यांतलं घर न् घर उतरलं. हप्त्यापुरते पैसे खात्यात राहिले नाहीत तर विमा बंद पडणार, हे त्यांना पक्कं समजलं होतं. ते काम मी चोख केलं. खोटं सांगत नाही.

पाऊस सुरू व्हायच्या आधी सोमा आला. विमा नीट चालू राहिला का, एवढंच विचारायला. मेल्या यंत्रानं त्या दिवशी त्याचं बोट पहिल्या झटक्यात घेतलं. हप्ता कापला गेला होता. मी तसं सांगितलं. तो उठायला लागला. त्यानं टॉवेलला हात घातला — आणि मी म्हणाले, "भाऊ, हप्त्याबरोबर एक नवीन नियमही आलाय. दर महिन्याला येऊन अंगठा द्यायचा. नाहीतर विमा बंद होतो."

असा नियम नव्हता. कुठंच नव्हता. मी तो तिथल्या तिथं, त्याच्या खांद्याकडे बघत केला.

एवढंच असतं, तर मी तुम्हांला त्रास दिला नसता. एका बाईनं एका माणसाला महिन्यातून एकदा डोंगरावरून खाली आणायला थाप मारली — वाईट आहे, पण माणसानं हसून सोडून द्यावं असं आहे. पुढचं सोडून देण्यासारखं नाही.

पुढच्या महिन्यात सोमा आला, पण एकटा नाही. जीप भरून आली. म्हाताऱ्याकोताऱ्या, कडेवर पोर घेतलेल्या बाया, एक काठी टेकत येणारा गडी. त्यानं अख्ख्या वाडीला नियम सांगितला होता! भल्या माणसानं दुसरं काय करावं? आपल्याला कळलं ते शेजाऱ्याला सांगावं, एवढंच त्याला येत होतं. मला म्हणाला, "ताई, येकबी घर सोडलं न्हाई मी. कुनाचं नुसकान नको व्हायला." केवढ्या अभिमानानं म्हणाला.

त्या क्षणी सांगता आलं असतं की. चुकून सांगितलं, नियम आपल्याला नाही, घरी जा. एक वाक्य. मी एकेकाचं बोट पुसलं, तेल लावलं, खात्यातली शिल्लक तपासली, यंत्र टुक वाजलं, आणि मी म्हणाले — झालं. त्यातून मला एक पैसा मिळत नव्हता. असं सांगितल्यानं माझा दोष हलका होत नाही, हे मला ठाऊक आहे.

मग ते दर महिन्याला येऊ लागले. लावणीच्या दिवसांत रोप तसंच ठेवून आले. जीपला भाडं देऊन आले, जीप नसली तर चालत खाली येऊन एसटी धरून आले. आणि मी — मी त्या दिवसाची वाट बघायची. ठेवणीतली साडी नेसायची. बाकीची मंडळी बाहेर चहाला गेली की सोमा टेबलासमोर बसायचा आणि आम्ही बैलांवर बोलायचो. अखेर त्यानं बेल्ह्याहून एक बैल आणला, तेव्हा मला म्हणाला, "तुमच्या वडलांनी काय भाव केला आसता, सांगा बरं." आणि टेबलावर हात ठेवून त्यावर टॉवेल टाकला.

बैलांच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबतात. किती दाबली त्यावरून आकडा. शेजारी उभ्या असलेल्याला काही कळत नाही. लहानपणी वडिलांच्या कडेला उभी राहून मी ती हलणारी उपरणी बघितली होती. बाईमाणसानं त्याखाली हात घातलेला कधी बघितला नव्हता. मी टॉवेलखाली हात घातला. त्याची बोटं धरली, एकदा दाबली, मग फक्त धरून ठेवली. रोज मी लोकांची बोटं धरते, पण ती यंत्रासाठी. सोमानं हात मागे घेतला नाही. रस्त्याकडे बघत राहिला, आणि थोड्या वेळानं म्हणाला, "मग मी जास्तीच दिलं म्हनायचं." एवढंच झालं. अजून कधी पंखा कुरकुरताना ऐकला की मला तो दिवस आठवतो, आणि तो दिवस परत यावा असं वाटतं.

आता रामदासचं सांगायला हवं. मी टाळतेय, तुमच्या लक्षात आलंच असेल.

रामदास सोमाच्याच वाडीतला. तिशीतला गडी, बायको सुभद्रा, दोन लहान पोरं. टोमॅटोच्या हंगामात नारायणगावला मजुरीला जायचा, वाडीत कमीच असायचा. माझा तो नवा नियम कळला तेव्हा तो म्हणाला, दर महिन्याला रोज मोडून अंगठा द्यायला कोण जाणार, राहू द्या तो विमा. सोमानंच मला हे सांगितलं, वाईट वाटून. मी काय केलं? मला उलट हायसं वाटलं. कारण मला माहीत होतं की त्याचं काहीही बिघडलेलं नाही. मेच्या त्या रांगेत रामदास उभा होता. मजुरीचे पैसे त्यानं माझ्याच हातात दिले होते, वाढलेला हप्ता किती ते मला दोनदा विचारलं होतं. हप्ता कापून गेला, उरलेले पैसे त्यानं नंतर काढून नेले. खातं रिकामं झालं, पण विमा पुढच्या मेअखेरपर्यंत चालू होता. त्याला वाटत होतं की बंद पडला. वाटू दे, म्हटलं. वाटल्यानं काय होतंय?

हिरड्याचे दिवस आले. आमच्या पश्चिमेला उन्हाळ्यात झाडावर चढून कोवळा हिरडा काढतात, वाळवून विकतात. वर्षाचं मीठमिरची त्यावर भागतं. त्या महिन्यात सोमा आला, टेबलासमोर बसला. मीच बैलाचं विचारलं. तो म्हणाला, "रामदास हिरड्यावरनं पडला. जुन्नरला आनस्तोवर न्हाई ऱ्हायला."

मग टॉवेलनं तोंड पुसून म्हणाला, "इमा आसता तर पोरांचं काईतरी झालं आसतं, ताई. पर त्यानं अंगठं दिलं न्हाईत ना."

माझ्या हातात चहाचा कप होता. मी तो खाली ठेवला. विमा आहे, सोमा — हे शब्द माझ्या जिभेवर होते, शपथेवर सांगते. विमा चालू आहे, सुभद्राला मृत्यूचा दाखला घेऊन पाठव, मी सगळं करून देते. पण मग तो विचारणार — अंगठे न देता कसा चालू? आणि मग ते अंगठे कशासाठी होते, ताई? त्या म्हाताऱ्या, ते जीपचं भाडं, ते सोडलेलं रोप? तो माझ्याकडे जसा बघेल, ते मला आधीच दिसलं. आणि तो उठून जाईल. आणि मग परत येणार नाही.

मी म्हणाले, "फार वाईट झालं."

हेच ते. मी हेच सांगायला बसले होते. थाप मारली हा माझा गुन्हा नाही, किंवा असला तरी लहान आहे. दोन पोरांची आई आणि तिच्या हक्काचे पैसे, यांच्यामध्ये मी बसले होते, नुसतं तोंड उघडायचं होतं, आणि एका माणसानं महिन्याला येऊन माझ्यासमोर बसावं म्हणून मी ते उघडलं नाही. पुढच्या खेपेला सांगू, असं मनाला सांगितलं. पुढची खेप आली. मी ठेवणीतली साडी नेसले होते.

मग बँकेची माणसं वरच्या वाड्यांत शिबिर घ्यायला गेली. त्यांनी चावडीपुढे सगळ्यांना समजावलं — हप्ता एवढा, शिल्लक ठेवा, बाकी काही करायला नको. दर महिन्याचा अंगठा कुणी काढला म्हणून हसलेसुद्धा म्हणे. त्यानंतर सोमा आला, एकटा. बसला नाही. उभ्यानंच विचारलं, "ताई, मंग त्यो नेम खोटा व्हता का? आन् रामदासचा इमा चालू व्हता का?"

बघा, देवानं आणखी एकदा दार उघडून दिलं होतं. मी त्याच्या डोळ्यांत बघून म्हणाले, की तो नियम मधे काही महिने होता, आता काढून टाकला. आणि रामदासच्या खात्यात पैसेच नव्हते, म्हणून हप्ता कापला नाही, विमा बंद पडला होता. खातं रिकामं होतं हे खरंच होतं. म्हणून बोलताना आवाजही कापला नाही माझा.

त्यानं मान हलवली. चेहरा एकदम सैल पडला त्याचा. "मला वाटलंच, तुमी खोटं सांगायच्या न्हाई," म्हणाला. "नेम काय, रोजच बदलत्यात." मग बसला.

उशिरानं केलेल्या दाव्याचं काय होतं, हे विचारायला बँकेत एक फोन पुरला असता. मी तो केला नाही. अजूनही केलेला नाही.

आणि सोमा? तो येतो. नियम नाही, अंगठा नाही, कसलं काम नाही, तरी येतो. एकदा मी धीर करून विचारलं, आता कशाला त्रास घेता? तर म्हणाला, "तुमच्याशी बोलून बरं वाटतं. लई दिसापास्नं वाटतंय, पर कामाबिगर कसं यावं?" त्या रात्री मी जेवले नाही. नुसतं 'या हो चहाला' म्हटलं असतं तरी तो आला असता. देवापुढे बसून मी मागते ते हेच — तो येत राहावा. दुसरं काहीतरी मागायला हवं, हे कळतं. मागत नाही.

गेल्या खेपेला तो सुभद्राला घेऊन आला. विधवांच्या पेन्शनसाठी तिचं खातं उघडायचं होतं. तिच्या बोटांवर रेषा म्हणून उरलेल्या नाहीत. मी बोट पुसलं, तेल लावलं, दाबून धरलं. लागेना. दुसरं धरलं. त्या वेळात ती बोलत होती, माझ्याकडे बघून, अगदी विश्वासानं.

"मानूस वाईट नव्हतं, ताई. पर डोस्क्यात कायबी ऱ्हायाचं न्हाई त्यांच्या. चार पैसं खात्यात ठिवायचं सुचलं न्हाई. पोरांच्या तोंडचं गेलं बगा." मग म्हणाली, "मी न्हाई चुकायची. दर म्हैन्याला अंगठा द्यायला ये म्हनला, तरी यीन."

मी म्हणाले, दर महिन्याला यायची काही गरज नाही.

यंत्र वाजलं. मी तिचं बोट सोडलं. सोमा बाहेरून तीन चहा घेऊन आला. पहिला कप त्यानं तिला दिला, दुसरा माझ्यापुढे ठेवला. मी तो घेतला, आणि गरम होता तोवर प्याले.